मशीननं मोजलेली पोती

मला एक सांगा, भरवसा ठेवायचा तर कुणावर ठेवावा? तराजूवर, तोलणाऱ्यावर, का लिहून घेणाऱ्यावर? सेलूत गुरांच्या खाद्याचं, ढेप-सरकीचं दुकान चालवण्यात माझी उमर गेली, तरी याचं उत्तर मला एका दमात देता येत नाही. तराजूला बोट लागतं, तोलणाऱ्याला घाई असते, आणि लिहिणाऱ्याचा चष्मा नेमका त्याच दिवशी घरी राहतो. मशीनवर ठेवावा म्हणाल, तर आधी आमच्या क्लासचे किस्से ऐका. मग ठरवा.

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. सरकीचं पोतं उतरवताना चार दाणे खाली सांडतात. कुणी सांडायचे म्हणून सांडत नाही, कुणी वाकून उचलतही नाही. दिवाळीला दुकान झाडायला काढलं की कोपऱ्यातून सूपभर सरकी निघते आणि आपण म्हणतो, अरे, ही आली कुठून? आमच्या क्लासच्या किश्शांचं तसंच झालं.

क्लास म्हणजे काय, तर स्टेशन रोडला हार्डवेअरच्या दुकानावरची एक खोली. दोन कॉम्प्युटर, एक खडखडणारा कूलर आणि रझाक सर. सर औरंगाबादेत शिकून आलेले, वय फार तर पंचवीस. अम्मी सेलू सोडायला तयार नाही म्हणून मोठ्या शहराची नोकरी सोडून इथं क्लास काढून बसलेले. त्या काळात आमच्याकडं टाइपरायटिंगच्या क्लासला लोक हसत नव्हते, पण कॉम्प्युटरच्या क्लासला हसायचे.

सकाळच्या बॅचला आम्ही चौघं. मी, म्हणजे आप्पा. कपाळाला विभूती, खांद्यावर उपरणं, शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं पोत्यांवरचे छाप आणि ट्रकच्या बिल्ट्या वाचून शिकलो. एक एजंट मला कॉम्प्युटर विकायला आला होता, त्याला म्हटलं, घोडा घ्यायच्या आधी दात मोजायला शिकून घेतो.

दुसरे रामराव पाटील, मानवतकडच्या खेड्यातले, सकाळच्या एस्टीनं यायचे. त्यांचं म्हणणं, "आज ना उद्या जमिनी ह्या मशीनीत जाणार. त्याआधी ओळख काढून ठेवलेली बरी." तिसरे तलाठीकाका, रिटायर झालेले. ते पाटलांना सांगायचे, "ओळख काढा, पण त्या मशीनीत जे जाणार, ते माझ्याच अक्षरातून जाणार."

आणि चौथ्या सुलभाताई. आम्हा तिघांचा टाइमपास होता, त्यांचा नव्हता. एका शाळेत तासावर शिकवायच्या, ते तास बंद झाले. पदरात एक मुलगी, राहायला भावाचं घर. भावाची बदली नांदेडला झालेली. भाऊ म्हणायचा, "चल आमच्याबरोबर." भावजय काही म्हणायची नाही, आणि तेच ताईंना जास्त ऐकू यायचं. सेलूत नोकरी लागली तर स्वतःची खोली घेऊन राहायचं, नाही तर सामान बांधायचं. एवढंच होतं, पण तेवढ्यासाठी त्या रोज सगळ्यांच्या आधी पायऱ्या चढून यायच्या.

* * *

सर आम्हाला 'सी' नावाची भाषा शिकवायचे. पहिले काही दिवस कीबोर्डवरून आकडे टाका आणि बेरीज बघा, असं चाललं. मग सर म्हणाले, आता आकडे आधी एका फाइलीत भरून ठेवायचे. प्रोग्राम ती फाइल उघडेल, एकेक आकडा वाचेल, हिशोब करील. तुम्ही नुसतं बघायचं.

"आप्पा, तुमच्या धंद्यातला कुठलाही एक आकडा टाका फाइलीत."

मी वर्षभरात विकलेल्या ढेपीचे किलो टाकले. एक लाख बारा हजार चारशे पन्नास. आपण लिहितो तसे, लाखानंतर एक स्वल्पविराम, हजारानंतर एक, अगदी झोकात. प्रोग्राम चालवायच्या आधी सरांची एक पद्धत होती. ते म्हणायचे, "बनी तो बनी," आणि आम्ही सगळे म्हणायचो, "नहीं तो परभणी." मग बटण.

स्क्रीनवर आलं: १.

"आप्पा, आकडा वाचता वाचता मशीन स्वल्पविरामापाशी आलं," सर म्हणाले. "त्याला वाटलं, आकडा संपला. तिथंच बसलं."

घरी जाऊन सौ.ला सांगितलं, मशीन म्हणतं, आपण वर्षभरात एक किलो ढेप विकली.

ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "मग तेवढ्यासाठी रोज डबा कशाला नेता?"

* * *

फाइलीतून उचललेला आकडा ठेवायचा कुठं, हे मशीनला सांगावं लागतं. सर म्हणायचे, मशीनच्या पोटात डबे आहेत, प्रत्येक डब्याला नाव आहे. पण आकडा वाचायला सांगताना नुसतं नाव लिहून भागत नाही, नावाच्या आधी एक वाकडं चिन्ह काढावं लागतं. म्हणजे डब्याचा पत्ता. ते चिन्ह दिसायला मांडी घालून बसलेल्या माणसासारखं. पाटलांनी त्याचं नाव ठेवलं बुवा.

आणि बुवाला विसरायचे तेही पाटीलच. प्रोग्राम चालवला की मशीन लटकायचं, कर्सरसुद्धा लुकलुकायचा नाही.

"पाटील, बुवा कुठंय तुमचा?"

"उठून गेला असंल, सर. भिक्षेची येळ झाली."

तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा सर जरा वैतागले. "पाटील, तुम्ही मशीनला नुसतं नाव सांगता, पत्ता देत नाही. आकडा जाणार कुठं?"

पाटील म्हणाले, "आमच्या गावात पोस्टमन नावावरच देतो, सर. घरी नसलं तर शेतात आणून देतो. तुमच्या ह्या मशीनला गावातलं कुणीच वळखीचं न्हाई का?"

* * *

एका धड्यात मात्र माझा पहिला नंबर आला. त्याचं श्रेय माझं नाही, त्या दिवसांचं आहे.

विद्यापीठाच्या नामांतराची ती वर्षं. आज एका बाजूचा बंद, उद्या दुसऱ्या बाजूचा. त्या दिवसांतलं सगळंच काही हसण्यासारखं नव्हतं, आणि ज्यांनी सोसलं त्यांनी त्याच्यावर बोलावं, मी बोलू नये. मी फक्त माझ्या ट्रकचं सांगतो. परभणीच्या एका गिऱ्हाइकाला ढेपीचा ट्रक पाठवला. तिकडं बाजार उघडा आहे का, हे फोन करून विचारलं नाही. फोन लागायलाच अर्धा दिवस जायचा, म्हणून म्हटलं, पोचेल तोवर उघडेल. ट्रक पोचला, दुकानाचं शटर खाली. ड्रायव्हर नवा होता. मी त्याला सांगितलं होतं, "दुकानासमोर उतरव." त्यानं बंद शटरसमोर सगळा माल उतरवला आणि परत आला. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाचा निरोप आला, "आप्पा, माल मिळाला. तुमच्या ढेपीवर परभणीच्या सगळ्या गायी खूश हायत."

तर सरांनी विचारलं, "फाइल उघड म्हणून मशीनला सांगितलं. लगेच आकडे वाचायला लागायचं का?"

तिघंही म्हणाले, हो.

मी म्हटलं, "न्हाई सर. आधी फाइल खरंच उघडली का बघायचं. न्हाई उघडली तर गपचूप माघारी यायचं."

सर खूश झाले. "आप्पा, हे पुस्तकात शेवटच्या पानांत असतं. तुम्ही कुठं वाचलं?"

म्हटलं, "वाचलं न्हाई. गायींनी शिकवलं."

* * *

तलाठीकाकांना पावसाचा नाद. रिटायर झाल्यावरही गच्चीवर पाऊस मोजायचं भांडं मांडलेलं, रोज सकाळी आकडा टिपायचे. ती सगळी नोंद त्यांनी फाइलीत चढवली. एका ओळीला एक दिवस, किती मिलिमीटर ते पुढं. त्यांना स्क्रीनवर एकाखाली एक सगळा पाऊस बघायचा होता.

बनी तो बनी. बटण दाबलं.

बारा आले, तीन आले, आठ आले. मग परत आठ. परत आठ. आठ, आठ, आठ, आठ. सबंध स्क्रीन आठांनी भरून वर सरकायला लागली. थांबायचं नावच नाही.

सरांनी फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिली. आठ मिलिमीटरच्या दुसऱ्या दिवशी पाऊस पडला नव्हता. काकांनी तिथं शून्य लिहिलं नव्हतं. इंग्रजी अक्षरांत NIL लिहिलं होतं.

"काका, प्रोग्राम आकडा शोधतोय. ही अक्षरं समोर आली. ती आकडा नाहीत म्हणून उचलत नाही, आणि उचलल्याशिवाय पुढं जाता येत नाही. मग हातातले आठच परत परत छापतोय."

"निरंक म्हणजे निरंक," काका म्हणाले. "कोरड्या दिवशी निरंक लिहिल्याशिवाय आमचे साहेब सही करत नव्हते. शून्य लिहिलं तर विचारायचे, मोजलं की न मोजताच लिहिलं?"

सर प्रोग्राम बंद करायला वळले. तेवढ्यात पाटलांनी त्यांचा हात धरला. नजर स्क्रीनवर. आठ, आठ, आठ.

"राहू द्या, सर. दोन सालं झाली, असा लागून पडला न्हाई. पडू द्या की जरा."

* * *

तलाठीकाकांनी मग घरी बसून सगळे निरंक शोधून काढले आणि तिथं शून्य टाकायची यादी केली. क्लासमध्ये येऊन एकेक दुरुस्त केलं. आता चालवायचं.

इथं एक सांगायला पाहिजे. फाइल उघडताना मशीनला सांगावं लागतं, कशासाठी उघडायची. वाचायची असेल तर r लिहायचं, लिहायची असेल तर w. आणि w ची रीत अशी की तो आधी पाटी स्वच्छ पुसतो आणि मग म्हणतो, हं, लिहा काय लिहायचं ते. काकांचं सगळं आयुष्य लिहिण्यात गेलेलं. बोट w वर गेलं.

प्रोग्राम लगेच संपला. स्क्रीनवर काही नाही. सरांनी फाइल उघडून पाहिली, आतही काही नाही. सरांना सांगायला जड जात होतं, पण सांगितलं.

काकांनी स्क्रीनजवळ वाकून पाहिलं. मग म्हणाले, "पस्तीस सालं दप्तर सांभाळलं. उंदीर लागले, चावडी गळली, वाळवी लागली. पण वाळवी बिचारी एकेक पान खाते, मधी दम घेते."

सुलभाताई हळूच म्हणाल्या, "काका, वहीत आहे ना सगळं? मी चढवून देते परत. मला तेवढाच सराव."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि कोऱ्या स्क्रीनकडं बघून जुन्या सरकारी आवाजात म्हणाले, "निरंक."

* * *

पाटलांचा अजून एक. चौघा भावांची मिळून ज्वारी किती झाली, ते किलोत काढायचं होतं. सगळे आकडे फाइलीत बरोबर, स्वल्पविराम नाही, निरंक नाही, बुवा जागेवर बसलेला. बेरीज चाळीस हजार यायला पाहिजे. आली उणे पंचवीस हजार पाचशे आणि काहीतरी.

सर म्हणाले, "आपण घेतलेला डबा छोटा आहे. बत्तीस हजाराच्या थोडं पुढं गेलं की भरतो, आणि आकडा उलटा फिरून उणे होतो. मोठा डबा घ्यायला लागेल."

"म्हणजे ज्वारी जितकी जास्त पिकंल, तितकं आमी खड्ड्यात?"

"ह्या डब्यात, हो."

पाटील म्हणाले, "मग ह्यो डबा आमच्या भावकीतनंच आणलाय."

* * *

आता बद्रीशेठच्या मिलचा किस्सा.

सेलूत रेल्वेलाइनच्या पलीकडं बद्रीशेठची डाळ मिल. शेठच्या जालन्याच्या मेहुण्यानं कॉम्प्युटर घेतला, म्हणून शेठनंही घेतला. तो ऑफिसात मखमली कापडाखाली ठेवला होता. रोज उदबत्ती, गुरुवारी हार. चालू करणारं कुणी नव्हतं. तरी शेठ येणाऱ्या-जाणाऱ्याला आणि खास करून नाना मुनीमाला सांगायचे, "नाना, ह्या मशीनपासून काही लपत न्हाई बरं का. बंद असलं तरी बघत असतं."

नाना मुनीम मिलमध्ये शेठच्या वडिलांपासूनचे. डोक्यावर काळी टोपी, कानात अत्तराचा फाया, आवाज इतका मऊ की हमालसुद्धा त्यांना उलट बोलायचे नाहीत.

मी शेठला म्हटलं, "मशीन चालवणारी बाई आहे आमच्याकडं. ठेवून घ्या."

शेठ व्यापारी माणूस. म्हणाले, "आप्पा, तुमचा शब्द खरा, पण माल बघून घेतो. सकाळी उतरलेल्या तुरीच्या पोत्यांची वजनं नानांच्या वहीत हायत. बाईनं ती मशीनमध्ये घालायची. पोती किती, एकूण वजन किती, ते मशीननं सांगायचं. नानांच्या आकड्याशी जुळलं तर उद्यापासून कामावर. एका पोत्याचा जरी फरक पडला, तर मशीन विकून टाकतो, आणि बाईंनी नांदेडला सुखानं राहावं."

ताईंच्या भावाचा टेम्पो दोन दिवसांनी ठरलेला होता. सेलू गाव लहान, शेठला तेही माहीत होतं.

ठरल्याप्रमाणं आम्ही गेलो. ताई स्वतः लिहिलेला प्रोग्राम फ्लॉपीत घेऊन, सोबत रझाक सर आणि मी. ताईंनी घरची पांढरी साडी नेसली नव्हती, शाळेत नेसायच्या ती निळी नेसली होती. वजनकाट्याजवळच्या ऑफिसात शेठ गादीवर, शेजारी नाना. मिलमधले चार हमाल दारात उभे. मशीनचं खरं-खोटं आज होणार, हे सगळ्यांना कळलेलं.

नानांनी वही वाचली, ताईंनी टाकलं. अठ्ठ्याण्णव. पंच्याण्णव. एकशे दोन. एका ओळीला एक पोतं. क्लासमध्ये फाइलीची शेवटची ओळ सर स्वतः तपासून द्यायचे. इथं आकडे ताईंनी एकट्यांनी भरले, आणि त्यांचं काम नेटकं, म्हणून शेवटच्या आकड्यानंतरही एंटर दाबून ओळ पुरी केली. नानांनी वही मिटली. "चाळीस पोती, शेठ."

"चालवा," शेठ म्हणाले.

सर सवयीनं हळूच म्हणाले, "बनी तो बनी." पुढचं कुणीच म्हटलं नाही.

स्क्रीनवर आलं: पोती ४१.

खालचा एकूण वजनाचा आकडा कुणी वाचलाच नाही. ताईंचा चेहरा त्या साडीपेक्षा निळा पडला. त्या भराभर फाइल खालीवर करून बघायला लागल्या. आकडे चाळीसच होते.

मी सरांना कोपरानं ढोसलं. ते माझ्या कानाशी लागले. "आप्पा, चूक समजली. पंगतीत वाढपी पुरणपोळी घेऊन चालला, समजा. शेवटच्या माणसाला वाढली. पुढं एक पाट मांडलेला दिसला म्हणून पुढं गेला. पाटावर कुणीच नाही. आता हातातल्या पोळीचं काय करायचं? परत येऊन शेवटच्यालाच दुसऱ्यांदा वाढली. ते जादा एंटर म्हणजे तो रिकामा पाट. शेवटचं पोतं मशीननं दोनदा मोजलं. एक ओळ बदलली की ठीक होतं. पण आता सांगू कसं?"

"ताईंना सांगा."

सरांनी वाकून ताईंना सांगितलं. ताईंनी मान हलवली. त्यांना कळलं होतं. पण त्या तोंड उघडणार तेवढ्यात शेठ उठले.

"आप्पा, तुमीच ऐकलं, काय ठरलं होतं. आकडा जुळला न्हाई." त्यांना वाईट वाटत होतं, पण शब्द म्हणजे शब्द. "नाना, मशीनवर कापड टाका."

नाना जागचे हलले नाहीत. त्यांच्या कपाळावर घाम. टोपी काढली, हातात घेतली, परत घातली.

"शेठ," ते त्यांच्या मऊ आवाजात म्हणाले, "मशीन बरोबर हाय."

"काय?"

"एक्केचाळिसावं पोतं चुनी-भुशाच्या खोलीत हाय. बारदानाखाली. लेकीकडं लावून द्यायचं होतं. वहीत न्हाई घेतलं. मला वाटलं, मशीन बंद होतं तवा."

दारातले हमाल एकमेकांकडं बघायला लागले. शेठ खाली बसले. मग दोघा हमालांना पाठवलं, पोतं आलं, काट्यावर चढलं. शहाण्णव किलो.

शेठनं आधी नानांकडं बघितलं, मग मशीनकडं, मग उठून मशीनला हात जोडले. "ताई," ते म्हणाले, "उद्यापासून या. पगाराचं आप्पा आणि मी बसून ठरवतो. नांदेडचा टेम्पो रद्द करा."

 मी ताईंकडं बघून डोळ्यानं खुणावलं, की आता गप राहायचं. पदरात नोकरी पडली, मशीनची अब्रू राहिली, नानांचं जे व्हायचं ते झालं. व्यापारात इतकं जुळून आलेलं मी फार थोडं बघितलंय.

ताईंनी माझी खूण बघितली. खुर्चीवरून उठल्या नाहीत.

"शेठजी, उद्या यायच्या आधी एक सांगते. मशीन चुकलं होतं."

"चुकलं कसं? पोतं निघालं की."

"पोतं निघालं, ते खरं. तरी मशीन चुकलं होतं. प्रोग्राम माझा, चूक माझी. ते शेवटचं पोतं दोनदा मोजतं. दुरुस्त करायला दोन मिनिटं लागतात, पण आधी चूक तुमच्या डोळ्यांनी बघा, म्हणजे उद्या मला कुणी बोल लावायला नको."

"ताई," मी म्हटलं.

"आप्पा, थांबा जरा."

त्यांनी फाइलीच्या शेवटी शहाण्णव टाकले, सवयीनं एंटर दाबलं आणि प्रोग्राम चालवला.

"हे बघा, शेठजी. आता पोती आहेत एक्केचाळीस. आणि मशीन काय म्हणतंय? बेचाळीस."

शेठनं स्क्रीनकडं बघितलंच नाही. हमालांनीही नाही. सगळ्यांच्या माना सावकाश एकाच दिशेला वळल्या.

नाना मुनीम गादीवरून उठले. टोपी काढून त्यांनी ती ताईंच्या कीबोर्डसमोर ठेवली आणि दोन्ही हात जोडले.

"ताई, लेकीची आण. एकच होतं. तुमी लय शिकलेल्या, मी अंगठेबहाद्दराहून जरा वरचा माणूस. पण पाया पडतो, हिशोब तेवढा इमानदारीनं ठेवा."